जळक्या ऑइलचा वास

काल आईच्या पायांना खोबरेल लावताना आमच्या गडब गावची एक संध्याकाळ आठवली. लावणी उरकली होती. बाबांनी ट्रॅक्टर धुऊन शेडमध्ये घेतला, सायलेन्सरवर डबा उपडा घातला आणि खाऱ्या वाऱ्यानं गंजू नये म्हणून ते इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल चोळत बसले.

"एवढे लाड त्याचे करता, माझे पाय बघितलेत काय?" आई पडवीतून म्हणाली. चिखलात राबून तिच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या होत्या.

बाबांनी हात धुतले, तिचे पाय मांडीवर घेतले आणि खोबरेल लावलं. हातांचा वास गेला नव्हता. आईनं नाकाला पदर लावला, पण पाय काढले नाहीत.

आता बाबा नाहीत. काल आई डोळे मिटून म्हणाली, "तुझ्या हातांना ऑइलचा वास नाय गो."