कॉन्व्हेंटच्या फाटकाबाहेर चपला

आमच्या परभणीकडं कॉन्व्हेंट म्हणायला नन लागत नाहीत, चर्च तर नाहीच नाही. पोरांच्या गळ्यात टाय आला की झालं कॉन्व्हेंट. माझं तर सरकीच्या जुन्या गोदामात भरायचं आणि प्रार्थना सरस्वतीची. पावसाळ्यात भिंतींना सरकीचा वास यायचा. तो वास आजही कुठं आला की मला डबा खायची सुट्टी आठवते आणि भूक लागते.

तिथं नाव घालायचं ठरलं तेव्हा आईनं अप्पांना विचारलं, "कॉन्व्हेंट म्हंजे काय असतंय वो?" अप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, झरी गावात किराणा दुकान. पुडी बांधता बांधता ते म्हणाले, "ख्रिश्चन लोकांचा मठ."

आता आई पडली लिंगायत. मठ म्हटल्यावर तिला पुढचं सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं डोक्यावरून न्हाऊन विभूती लावली, पिशवीत नारळ घेतला आणि आम्ही एसटीनं परभणीला गेलो. शाळेच्या फाटकाबाहेर तिनं चपला काढल्या. "तू बी काढ," म्हणाली. मी नाही काढल्या. टळटळीत उन्हात, खडीवरून अनवाणी ती मोठ्या मॅडमच्या खोलीत गेली, टेबलावर नारळ ठेवला आणि वाकून पाया पडली. मॅडम तिच्याहून लहान. बिचाऱ्या गडबडून उठल्याच. दारातल्या पोरी फिदीफिदी हसल्या. एकीनं मला विचारलं, "तुझी आई हाय का?"

"न्हाई, शेजारची हाय," मी म्हणाले.

आईनं ते ऐकलं. परत येताना खिडकीची जागा मलाच दिली. पण त्या शाळेत ती पुन्हा कधी आली नाही. मला बक्षीस मिळालं तेव्हाही अप्पाच आले. तेव्हा मला लय बरं वाटलं होतं, हे लिहितानासुद्धा स्वतःचा राग येतो.

परवा शब्दकोशात सापडलं. कॉन्व्हेंटचं मूळ लॅटिन, अर्थ एकत्र येणं. त्यावरून, एकत्र राहून देवाचं करणाऱ्यांचं घर. म्हणजे मठच की! मी लगेच आईला फोन लावला.

"आई, तुझंच बरोबर व्हतं. मठच हाय त्यो."

ती शेंगा फोडत होती. फोडता फोडताच म्हणाली, "मठ आसू न्हाईतर काय बी आसू. तू मला आई म्हणायला पायजे व्हतं."