बाटलीतली जनावरं

कॅन्सरला वेळच्या वेळी प्रेमानं जेवू घालणारी माणसं जगात फार नसावीत. माझ्या पाहण्यात एकच आली, आणि नेमकी तीच माझ्या नशिबी खोलीची जोडीदारीण म्हणून आली. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका अंधाऱ्या खोलीत राहून आम्ही दोघी विद्यापीठात जैववैद्यकशास्त्र शिकत होतो. मी शिकत होते ती नोकरीच्या आशेनं. ही राधानगरीकडच्या दूधवाल्या शेतकऱ्याची मुलगी. तिच्या आईच्या छातीत गाठ निघाली होती, म्हणून ती शिकत होती.

प्रकल्पासाठी तिनं मागून घेतल्या त्याही त्याच रोगाच्या पेशी. कुण्या परमुलखातल्या, केव्हाच वारलेल्या बाईच्या. चपट्या बाटल्यांत, गुलाबी पाण्यात, अंगाइतक्या उबेच्या कपाटात त्या वाढायच्या, आणि दर दोन दिवसांनी त्यांचं पाणी बदलावं लागायचं. आम्ही आमच्या बाटल्यांवर नंबर घालायचो. हिनं घरच्या म्हशींची नावं दिली होती. "बांडीनं कालपासून अंग टाकलंय, मॅडम," असं तिनं एकदा भर बैठकीत गंभीरपणे सांगितलं, तेव्हा आमच्या मार्गदर्शक मॅडमनी चष्मा काढून पुसला. पुढच्या आठवड्यापासून त्याही बांडीची चौकशी करू लागल्या.

हिला कुठं न्यायची सोय नव्हती. वर्गाबरोबर नृसिंहवाडीला आली, तर आरतीला उभी असतानाच चप्पल शोधायला निघाली. "तासभर उशीर झाला तर मरतात का त्या?" असं कुणीतरी चिडून विचारलं. "तुला तासभर उशिरा वाढलं तर तू काय करतोस ते बघितलंय की आम्ही," म्हणाली आणि गेली. पाणी बदलताना ती बाटल्यांशी बोलायची. पाणी बदललं की दुसऱ्या बाटलीत त्यांच्यावरच औषध घालून त्या मरतात का ते बघायची. हे दोन्ही एकाच मायेनं कसं जमतं, हे मला कधी कळलं नाही.

आईला हे शास्त्र समजावणं शक्य नव्हतं, म्हणून तिनं आईला सांगून टाकलं होतं, की इथं मी जनावरं सांभाळते. आई रोज संध्याकाळी फोन करायची आणि स्वतःचं सोडून आधी विचारायची, "जनावरं जेवली का गं?"

"व्हय, आत्ताच घातलं."

"मग झालं. मुकी जनावरं टाकून येऊ नगंस. मी हाय की."

आई आता फार दिवसांची नव्हती. आता घरीच ठेवा, असं डॉक्टरांनी सांगून झालं होतं. मी म्हणायचे, बाई, मी बदलते पाणी, तू घरी जा. "परक्याच्या हाताला जनावर लागत न्हाई," एवढंच उत्तर. मला तिचा भयंकर राग यायचा. खरं तर तिला भीती वाटत होती. घरी नुसतं उशाशी बसायचं होतं, इथं निदान बाटलीत औषध घालून बघता येत होतं.

मग बेंदूर आला. आमच्याकडे या सणाला बैलांना सजवून पुरणपोळी देतात. "तुझ्या जनावरास्नी बी पोळी दाव," आईनं फोनवर बजावलं. हिनं आईचा शब्द पाळला. हातमोजे घालून, स्पिरिटनं दार पुसून, कपाटाच्या आत हळदकुंकवाची बोटं ओढली आणि खालच्या फळीवर पोळीचा तुकडा ठेवला. चार-पाच दिवसांत सगळ्या बाटल्यांत कापसासारखी बुरशी तरंगू लागली. मॅडमनी फक्त सगळं नष्ट करायला सांगितलं.

त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा मी शेजारीच होते.

"आई, मेली गं. सगळी गेली."

"कशानं?"

"काय कळंना बघ."

तिकडून थांबत थांबत आवाज आला, "रडू नगंस. तुझ्या हातात खोट न्हाई. पोळी खाऊन गेली न्हवं? भरल्या पोटानं गेली. दुसरी आण."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती घरी गेली. थांबायला कारणच उरलं नव्हतं. आईचे शेवटचे दिवस तिला मिळाले ते त्या बुरशीमुळे, असं मी आजही मानते.

आई गेल्यावर मी भेटायला गेले तेव्हा तिचे वडील गोठ्यापाशी बसले होते. बोलता बोलता म्हणाले, "पोरीची जनावरं गेली त्या दिशी हिची आई जेवली न्हाई बघा. दोनच घास खात हुती, ते बी नगं म्हणाली. दावणीचं जनावर गेलं की आमच्यात त्या दिशी जेवत न्हाईत." माझी जोडीदारीण तिथंच उभी होती. ती आत जाऊन आमच्यासाठी चहा घेऊन आली.

कोल्हापूरला परतताना एसटीत अर्धा रस्ता ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "ज्या रोगानं तिला खाल्लं, त्याच्यासाठी ती उपाशी ऱ्हायली गं. आणि मी तिला सांगितलं न्हाई."

मी तिचा हात धरला. सांगितलं असतं तरी ती जेवली नसती, असं मला वाटत होतं. कोल्हापूर येईपर्यंत तो हात मी सोडला नाही.