बाबा गप्प राहिले तेव्हा

माझे बाबा, नॉर्ब व्हर्हागन, कागदाच्या कारखान्यात एकतीस वर्षं यंत्रावर होते. पण ग्रीन बे या आमच्या लहान गावात त्यांची खरी ओळख म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियममधला त्यांचा बाक. मोसमभराच्या तिकिटाच्या या जागा इथे घराण्यातच राहतात. आजोबांच्या दोन जागा बाबांकडे आल्या, दुसरीवर आई बसायची, नंतर मी. बाकावर फक्त आकडे रंगवलेले, आणि दोन आकड्यांमधलं अंतर उन्हाळ्यातल्या माणसाच्या मापाचं. डिसेंबरात सगळे जाड कोट घालून बसले की शेजारी खोकला तरी आपण हलतो.

बाबांच्या उजवीकडची जागा मार्लीन नावाच्या बाईला वडिलांकडून मिळाली. तिला थंडी सोसेना, म्हणून तिने नवऱ्याला पाठवलं. हा हँक ड्वोराक. जन्माने शिकागोचा. पहिल्याच दिवशी शिकागोच्या संघाची, अस्वलाचं चित्र असलेली निळी टोपी घालून आला.

शिकागो आणि आम्ही एकाच गटात, त्यामुळे वर्षातून दोनदा गाठ पडणारच, एकदा त्यांच्याकडे, एकदा इथे. इथल्या सामन्यात शिकागोने गुण केला की हँक बाबांच्या गुडघ्यावर थाप मारायचा. "नॉर्ब, रडू नकोस रे. लहान गावाला हरायची सवय असायला हवी."

"एवढं मोठं तुमचं शहर," बाबा म्हणायचे, "आणि चेंडू नीट फेकणारा एक माणूस सापडत नाही तुम्हाला? पेपरात जाहिरात तरी द्या!"

नियम असा की पुढचा डाव सुरू व्हायच्या आत उत्तर द्यायचं. सव्वीस वर्षांत बाबांनी एकही टोमणा अंगावर ठेवला नाही. आई गेली त्या वर्षी हँक मुकाट बसून होता. शिकागोने गुण केला तरी मान खाली. शेवटी बाबांनीच त्याला कोपर मारलं. "काय रे, जीभ घरी विसरलास?" हँकने मग जो टोमणा मारला तो मी इथे लिहू शकत नाही. बाबा हसता हसता रडले. त्यानंतर दोघांनी एकाच थर्मासमधून ब्रँडी प्यायली आणि पुन्हा भांडायला लागले.

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरातच, शिकागोने गुण केला. मी बाबांच्या डावीकडे होते, पण डोळे फोनवर. माझी ब्रिटा नुकतीच गाडी शिकली होती, बर्फातून एकटी घरी निघाली होती, आणि तिचा निरोप येत नव्हता. मुलीच्या काळजीत मी बापाकडे पाहिलंच नाही.

हँकने थाप मारली, नेहमीचं बोलला. बाबा समोर बघत राहिले.

मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. "नॉर्ब रुसला!"

"नॉर्ब?" हँक म्हणाला. "अरे, शिवी तरी दे." मग त्याने बाबांचा हातमोजा ओढून काढला, हात धरला आणि ताडकन उभा राहिला. "डॉक्टर! कोणीतरी डॉक्टरला बोलवा!"

शिकागोने नुकताच गुण केलेला, आणि निळी टोपी घातलेला माणूस उभा राहून हात हलवतोय. सगळ्यांना वाटलं, हा आनंदाने नाचतोय. "खाली बस रे अस्वला!" म्हणत लोकांनी त्याच्यावर शेंगदाणे फेकले. मी ओरडत होते, पण त्या गोंगाटात माझा आवाज कुठे पोचणार?

तेव्हा हँकने आपली टोपी काढून पायाखाली टाकली. बाबांची हिरवी-पिवळी टोपी स्वतःच्या डोक्यावर चढवली आणि पुन्हा हात वर केले. आमची अख्खी रांग एकदम गप्प झाली. हँक ड्वोराक आणि आमची टोपी! काहीतरी भयंकर घडलंय हे त्या क्षणी सगळ्यांना कळलं. लोकांनी वाट करून दिली, स्ट्रेचर आलं.

डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका होता, आणखी दहा मिनिटं गेली असती तर बाबा हाती लागले नसते.

बाबा शुद्धीवर आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माझी टोपी? त्याच्या डोक्यावर? फोटो काढलास का?"

"बाबा!"

"एवढा फोन हातात होता तुझ्या."

हँक भेटायला आला तेव्हा मात्र बाबांनी त्याचा हात धरला तो सोडलाच नाही. "टोपी धुऊन दे," एवढंच म्हणाले.

आता बाबांना थंडीत बसायची मनाई आहे. उद्या शिकागोचा सामना, आणि हँकशेजारी ब्रिटा बसणार आहे. मी तिच्यासाठी मोज्यांचे तीन जोड काढून ठेवलेत. काळजी वाटतेच, पण त्या बाकाची वाटत नाही.

संध्याकाळी बाबांनी तिला जवळ बसवून पढवलं. "आपण गुण केला की पहिला टोमणा तू मारायचास. चांगला झोंबला पाहिजे. त्यालाही आता एकोणऐंशी झालीत."

"आणि आजोबा, त्याने उत्तर नाही दिलं तर?"

बाबांनी खुंटीवरची आपली टोपी काढली आणि तिच्या डोक्यावर ठेवली.

"तर बाकावर उभी राहा आणि ओरड."