फोनातली बाई

गाइड लिहिणाऱ्यांकडे किस्से साचतातच. लोक जिथे अडतात, तिथेच आमचं काम सुरू होतं. गुलाबी बोंडअळीच्या वर्षांत कापूस विक्रीची नोंदणी मोबाइलवर आली. ती कशी करायची हे सांगणारे व्हिडिओ आणि पुस्तिका आम्ही यवतमाळात बनवायचो. सर, मी आणि आवाज देणारी नसीम, एवढंच ऑफिस.

पहिली स्क्रिप्ट माझी होती, एकदम शुद्ध. ‘इच्छित पर्यायावर टिचकी मारा.’ केळापूरला दाखवायला गेलो, तर एका काकांनी कॅरमच्या स्ट्रायकरला मारतात तशी नखाने सणसणीत टिचकी मारली. फोन टेबलावरून खाली.

काका शांतपणे म्हणाले, “मारली न टिचकी. काहीच नाही झालं.”

परतीच्या एसटीतच मी ‘बोट ठेवा’ असं लिहून टाकलं.

•

स्टुडिओ परवडणारा नव्हता आणि ऑफिसखाली ऑटो स्टँड. शेवटी नसीमच्या अब्बांनी आपल्या दुकानातल्या गाद्या पाठवल्या. त्या चारही भिंतींना उभ्या केल्या. बाहेरचा आवाज बंद, आणि पंखाही बंद. ऐन एप्रिलमध्ये नसीम आत बसून घाम पुसत गोड आवाजात सांगायची, “स्क्रीनवर चाक फिरून राह्यलं ना? फिरू द्या. कायले घाई करता?”

अब्बा बाहेरून विचारायचे, “गाद्या खराब तर नाही ना करत?”

•

हे वऱ्हाडी ऐकून आम्हाला काम देणाऱ्या पुण्याच्या कंपनीचे साहेब नाराज झाले. “प्रोफेशनल वाटत नाही,” म्हणाले. सर भांडले नाहीत. निम्म्या तालुक्यांत पुण्यात बनवलेला शुद्ध भाषेतला व्हिडिओ पाठवा, निम्म्यांत आमचा, एवढंच म्हणाले. दोन्हीकडच्या हेल्पलाइन वेगळ्या ठेवल्या.

आठवड्याने साहेबांचा फोन आला. “आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नाही. तुमची हेल्पलाइन बंद पडली आहे का?”

“चालू आहे,” सर म्हणाले. “कोणाला गरज पडत नाही.”

पुढच्या महिन्यात सगळीकडे नसीमचाच आवाज गेला.

•

खरं तर एक फोन आला होता. वणीकडून. मीच उचलला. गृहस्थ तक्रारीच्या सुरात म्हणाले, “बाई म्हणाली थांबा. मी सकाळपासून थांबून आहो. मंग ती काही बोललीच नाही.”

त्यांचं बोट व्हिडिओच्या पॉजवर पडलं होतं.

•

आणि झरी जामणीचा दिवस. तिथल्या खरेदी केंद्रावर लोकांच्या अडचणी टिपायला नसीम आणि मी गेलो होतो. पोचलो तर सकाळपासून सर्व्हर बंद. केंद्र कायमचं बंद होणार, अशी आवई उठलेली. भरलेल्या गाड्या परत वळत होत्या. बाहेर व्यापारी वाटच पाहत होता, भाव पाडून कापूस मागायला. केंद्राचे साहेब भोंग्यावरून ओरडून सांगत होते की दुपारी सुरू होईल. कोणी ऐकत नव्हतं.

उन्हाने नसीमचा घसा सुकला होता. तिने एका बैलगाडीवाल्या बाबांना विचारलं, “बाबा, प्यायचं पाणी कुठी भेटते?”

बाबांनी कासरा ओढला. तिच्याकडे बघत राहिले. मग पुढच्या ट्रॅक्टरवाल्याला हाक दिली, “थांबव रे गाडी. फोनातली बाई आली.”

ट्रॅक्टर थांबला. त्याच्या पुढचाही थांबला. साहेब घाईघाईने आले आणि भोंगा नसीमपुढे धरून म्हणाले, “तुम्हीच सांगा यांना.”

“खरंच सुरू होणार आहे ना?” नसीमने विचारलं. “खोटं नाही सांगणार मी.”

साहेबांनी जिल्ह्याच्या ऑफिसला फोन लावला आणि तो तिच्याच कानाला धरला. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “आधी पाणी.”

साहेब स्वतः तांब्या घेऊन आले.

मग ती बोलली. गाड्या परत रांगेला लागल्या. दुपारी सर्व्हर आला, आणि दिवस मावळेपर्यंत सगळ्यांचा कापूस काट्यावर चढला. बाहेरचा व्यापारी कधी निघून गेला, कळलंही नाही.

आम्ही एसटीची वाट पाहत होतो, तेव्हा ते बाबा रिकामी गाडी घेऊन आले. नसीमपुढे थांबले आणि म्हणाले,

“बाई, आता घरी जाऊ काय?”