अकरा डिग्री आणि गजाननभाऊंचा 'हो'

"काकू, कॉम्प्रेसर दमला. दुसराही चालू करून टाकतो," वानखडेभाऊ म्हणाले.

अमरावतीबाहेर त्यांचं संत्र्यांचं कोल्ड स्टोरेज आहे. तीन नंबरच्या रूमला सहा डिग्री हवं, स्क्रीनवर अकरा. आत आजूबाजूच्या लोकांचा माल क्रेटमध्ये रचलेला. त्यांचा फोन आला म्हणून मी अकोल्याहून एसटीनं येऊन जरा टेकले होते, पण त्यांचा हात स्विचकडे गेला तशी उठले.

"थांबा. आधी आत जाऊन येते."

आत दात वाजायला लागले. अकरा डिग्रीत असं होत नाही. पिशवीतला थर्मामीटर क्रेटवर ठेवला. चार.

बाहेर येऊन म्हटलं, "कॉम्प्रेसर बंद करा."

"अकरा दाखवून राहिलं अन् तुमी बंद करा म्हणता?"

"आत चार आहे. स्क्रीनवर सहा येईपर्यंत चालवाल तर संत्री गोठतील."

त्यांनी बंद केला. तोंड मात्र वाकडंच.

आता हे असं कसं होतं, ते सांगते. सेन्सर आपलं तापमान करंटमधून कळवतो, चार ते वीस मिलिअँपिअर. कितीही थंडी असो, निदान चार मिलिअँपिअर येणारच. काहीच आलं नाही तर वायर तुटली समजायचं. हा करंट कॉम्प्युटरला कळेल असा करून देणारी डबी म्हणजे सिग्नल कंडिशनिंग मॉड्यूल. तिच्या पोटात बारीक पिना असतात आणि त्यांवर तुरीच्या दाण्याएवढी टोपी. ती जंपर. मॉड्यूलनं शून्यापासून मोजायचं की चारापासून, हे ती टोपी ठरवते. चुकीच्या जागी असली की ते मुळातले चार मिलिअँपिअरही तापमानात धरले जातात, आणि आकडा फुगतो. क्रेटचं वजन वजा न करता संत्री तोलावीत, तसं. आणि कॉम्प्युटरला टोपी दिसत नाही. झाकण उघडूनच बघावी लागते.

जुनं मॉड्यूल जळलं म्हणून मागच्या आठवड्यात मीच नवं पाठवलं होतं. बसवलं त्यांच्या इलेक्ट्रिशियननं, गजाननभाऊंनी. माझ्याच वयाचे आहेत. मी फोनवर सेटिंग वाचत गेले, ते उत्तर देत गेले.

आमचे हे होते तेव्हा आमची रीतच होती. मी वाचायची, ते चिमट्याचं टोक जंपरला लावून म्हणायचे, "हो." नाहीतर, "नाही, परत वाच." मी कॉलेजात शिकलेली नाही, घरातल्या त्यांच्या कामाच्या टेबलावरच शिकले. ते गेल्यापासून मीच वाचते, मीच बघते. त्या दिवशी फोनवर मात्र समोरून कोणीतरी म्हणत होतं, "हो ताई." "हो ताई." वाचून संपलं तरी फोन ठेवावासा वाटेना.

आता ते पॅनेलपाशीच उभे होते. "गजाननभाऊ, टोपी कुठं होती त्या दिवशी?"

ते खाली बघायला लागले. "झाकण तर आधीच लावून टाकलं होतं ताई. कंपनीतून बरोबरच येत असन म्हटलं. तुमी एवढं मन लावून वाचून राहिल्या होत्या, मधात काहून बोलू?"

मी सप्लाय बंद केला, झाकण उघडलं. टोपी शून्यावर. चिमट्यानं उचलून चारावर बसवली. सप्लाय दिला, स्क्रीनवर चार डिग्री आले.

वानखडेभाऊंनी एक संत्रं कापून पाहिलं. फोडी चांगल्या होत्या. पिशवीभर संत्री माझ्या हातात देत म्हणाले, "काकू, एकट्या काहून फिरता? सोबत कोणाले आणत जा ना."

मी हसले. परतीच्या गाडीत शेजारची सीट रिकामी होती, पिशवी तिथं ठेवली. एवढी संत्री एकटीनं किती दिवस खायची, ते काही कळेना.

आता मॉड्यूल घरूनच सेट करून पाठवते. मोठ्यानं वाचते, चिमटा लावते आणि पहिल्यांदा मुद्दाम स्वतःलाच "नाही" म्हणते. मग परत बघावंच लागतं. उगाच हो म्हणणारं घरात कोणी नाही, त्याचा तेवढा एक फायदा.