वेढ्यात सापडलेला माणूस

"ताई, तुमच्या मिस्टरांना वेड लागलेलं नाही. लोक दुसरं जे काही म्हणतात, तेही नाही," मिरजेच्या हॉस्पिटलातले न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूचे डॉक्टर, मला म्हणाले. "रिपोर्ट आला. ऑटोइम्यून एन्सेफलायटिस आहे."

माझा उजवा हात तेव्हा प्लास्टरमध्ये होता. गळ्यावर बोटांचे काळेनिळे वळ होते. दोन्ही यांनीच केलेलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. रोगजंतूंशी लढायला शरीर अँटिबॉडी नावाची द्रव्यं तयार करतं. कधीकधी ती चुकून आपल्याच मेंदूवर तुटून पडतात. मेंदूला सूज येते. माणूस ओळख विसरतो, घाबरतो, अंगावर धावून येतो. मी बाहेर बाकावर जाऊन बसले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडले.

ज्यांच्या घरात असं काही चाललं असेल आणि जे लाजेनं दार लावून बसले असतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

हे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. फौजेनंच यांना स्पॅनिश शिकवली होती. गावी, कडेगावला, आल्यावर हे एका जुन्या स्पॅनिश कादंबरीकाराच्या नादी लागले. बेटावरून राजधानीत कायदा शिकायला आलेला, वर्ग बुडवून गल्लीबोळ हिंडणारा, रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातून फिरून मोलकरणी, भिकारी, दुकानदार कसे बोलतात ते टिपणारा माणूस. लग्न केलं नाही, आयुष्यभर लिहीत राहिला. "जे बघितलं तेच लिवलं गड्यानं. पदरचा मसाला न्हाई," हे कौतुकानं म्हणायचे.

त्याची एक लढाईची कादंबरी हे मराठीत आणत होते. परकी फौज शहराला वेढा घालते, घराघरांत, जिन्याजिन्यांवर माणसं मरतात. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. यांचं मराठी नीट करून शुद्धप्रत मी लिहायची. त्यामुळे थोडे स्पॅनिश शब्द माझ्याही कानात बसले होते.

सुरुवात अगदी साधी झाली. यांचा उजवा हात आणि तोंडाची उजवी बाजू दोन-तीन सेकंद आवळायची. दिवसातून कितीतरी वेळा. कप हातातून उडायचा. आम्ही हसायचो. ते आकडीचे झटके असतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मग झोप गेली. रक्तात सोडियम, म्हणजे मीठ, कमी निघालं. सलाईन लावून घरी पाठवलं. मग संशय आला. "माझी पानं कोण चोरतंय?" म्हणून यांनी कपाट पालथं केलं.

एका सकाळी मी भाकरी थापत होते. यांनी मागून येऊन माझा गळा धरला. डोळे माझ्यावर रोखलेले, पण ओळख नव्हती. मी पिठाच्या हातानं यांचं तोंड ढकललं. यांनी तोच हात धरून पिरगळला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. आणि हे ओरडत होते, मराठीत नाही. "ला पुएर्ता! ला पुएर्ता!" दार, दार.

शेजारच्या चौघांनी मिळून यांना ओढून काढलं. दुपारपर्यंत गल्लीत झालं, सुभेदार भलतीच भाषा बोलतायत, बाहेरचं लागलंय. लोणंदहून यांच्या थोरल्या बहीण आल्या, त्या देवऋषीला घेऊनच.

मी हाताला प्लास्टर घालून परतले तर हे अंगणातल्या खांबाला बांधलेले. अंगावर शर्ट नव्हता. देवऋषी ओल्या चाबकानं मारत होता. "बोल, कोण हायस तू? कुठनं आलास?" पाठीची साल निघाली होती.

"आग्वा! आग्वा!" हे ओरडले.

"बघा, नाव सांगितलं!" देवऋषीनं पुन्हा चाबूक उगारला.

"आवं, पाणी मागतायत ते! पाणी!" मी मध्ये शिरले. तो फटका माझ्या खांद्यावर बसला.

"तुला काय कळतंय?" वन्सं मला ओढत म्हणाल्या. "तुझाच गळा धरला न्हवं त्यानं?"

"व्हय, माझाच धरला. म्हणून मीच सांगते, सोडा त्यांना."

कोणी हललं नाही. मी डाव्या हातात कोयता घेतला. दोरी कापायलाच घेतला होता, पण देवऋषी मागं सरला तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी दोरी कापली आणि पाण्याचा तांब्या यांच्या तोंडाला लावला. हे घटाघट प्यायले. मग तोच तांब्या माझ्या कपाळावर हाणला.

वन्संनी ते पिणं पाहिलं होतं.  पदर फाडून त्यांनी माझं कपाळ बांधलं आणि जीप बोलवायला त्याच धावल्या.

हॉस्पिटलात यांनी एका सिस्टरच्या दंडाचा लचका तोडला. सलाईनची सुई उपटली, भिंतीवर रक्त उडालं. शेवटी कापडी पट्ट्यांनी हातपाय कॉटला बांधले. भूल देऊन एमआरआय काढला, लंबर पंक्चर केलं, म्हणजे पाठीच्या मणक्यांतून पाणी काढून तपासायला घेतलं.

मी डॉक्टरांना म्हटलं, "हे बडबडत नाहीत. कादंबरीतल्या वेढ्यात अडकलेत. तुमचे कोट यांना शत्रूच्या फौजेचे वाटत असतील."

डॉक्टरांनी कोट काढून ठेवला. खुर्ची ओढून बसले आणि पहिल्या दिवसापासून सगळं विचारलं. हाताच्या झटक्यांचं सांगितलं तेव्हा ते ताठ झाले. "हे आधी कुणाला सांगितलं होतं का?" नव्हतं सांगितलं. हसण्यावारी नेलं होतं. रिपोर्टची वाट न बघता त्यांनी त्याच दिवशी स्टेरॉइड सुरू केलं.

पहिले दोन दिवस हे जास्तच खवळले. कॉटचा दांडा वाकवला. पट्टीनं मनगटं सोलली. सहाव्या दिवशी रिपोर्ट आला, तो मी वर सांगितला. मग प्लाझ्मा एक्स्चेंज झालं, म्हणजे रक्तातला पातळ भाग, ज्यात त्या अँटिबॉडी असतात, मशीननं काढून दुसरा भरायचा. एक दिवसाआड, पाच वेळा.

चौथ्या वेळेनंतर यांनी माझ्याकडे पाहिलं. "सुनंदा, हाताला काय झालं गं?"

मराठीत. माझ्या नावानं.

या दिवसांची आठवण परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वन्सं मागून मला खुणावत होत्या, पडले म्हणून सांग. मला ते सोपंही होतं. पण बघितलं तेच लिहायचं, असं म्हणणाऱ्या माणसाला मी काय रचून सांगणार होते?

"तुम्ही मोडलात," मी म्हटलं.

 यांनी एकेक करून सगळं विचारलं. मी सांगितलं. पाठीवरच्या जखमांचं वन्संनी स्वतःच सांगितलं आणि भावाच्या पायाशी बसून रडल्या.

ज्या सिस्टरच्या दंडाचा लचका तोडला होता, तिनंच आम्हाला डिस्चार्जच्या दिवशी गोळ्यांच्या वेळा समजावल्या. यांनी हात जोडले. "माझं रोजचंच आहे काका," ती म्हणाली. तिच्या दंडावर पट्टी होती. तिचे उपकार मी कुठे फेडणार!

आता वर्ष होत आलं. झटके थांबले. माणसांची नावं यांना आठवत नाहीत, पण भाषांतर पुन्हा सुरू आहे, दिवसाला जेमतेम अर्धं पान. तुमच्या घरातलं माणूस एकाएकी बदललं, तर आधी मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या. लहानसहान झटकेसुद्धा सांगा.

आणि एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. यांनी एकदा फळीवरचा शब्दकोश घ्यायला हात उचलला आणि मी डोकं झाकून खाली बसले. विचार न करता. यांचा हात तसाच वर राहिला. डॉक्टरांना सांगितल्यावर ते म्हणाले, "उपचार तुम्हालाही लागतील." समुपदेशकाकडे मी चार महिने गेले. तेव्हापासून यांना वरचं काही काढायचं झालं की हे आधी म्हणतात, "हात वर करतोय गं."

काल हे सांगायला विसरले. हात वर गेला. मी दचकले, पण उभी राहिले.