पिवळ्याचा थेंब

सरूचा दात तुटला तेव्हा नूतनला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण ते काही संध्याकाळपर्यंत टिकलं नाही.

सरू तिची धाकटी जाऊ. नवऱ्याच्या स्कूटरवरून पेणहून जोह्याला घरी येताना चाक खड्ड्यात गेलं, बाई तोंडावर आपटली आणि पुढचा दात अर्धा गेला. नवरा अक्षय रोह्याला कंपनीत. त्याने शिफ्ट बुडवली, चार जणांना विचारून रोह्यातली दातांची डॉक्टरीण शोधली, बायकोला पेज भरवली. नूतन भाकऱ्या थापत सगळं बघत होती. भाकरी जरा जोरातच थापली जात होती.

आता हिचं पण ऐका. नूतनच्याही पुढच्या दाताचा कोपरा लग्नाच्या वर्षीच उडालेला. गणपतीच्या कारखान्यात मूर्तींची फळी सरकली, हिने धावत जाऊन मूर्ती सावरली आणि फळी तोंडावर घेतली. नवरा गोरख धावत आला आणि त्याने आधी मूर्तीची सोंड चाचपली. "मूर्ती वाचली ना, झालं तर," म्हणाला. वर गमतीने बायकोला एकदंत म्हणू लागला आणि अख्ख्या आळीने ते उचललं. तेव्हापासून नूतन हसताना तोंडावर हात धरते. तिच्यासाठी कोणी डॉक्टर शोधला नाही की पेज भरवली नाही. जळणार नाही तर काय करणार?

"ताई, तुम्ही चला ना सोबत, मला भ्या वाटतं," सरू म्हणाली. नूतन गेली. पेणहून एसटीने रोह्यापर्यंत सरू तिचा हात धरून बसली होती आणि नूतन खिडकीबाहेर बघत होती.

डॉक्टरीण बोलायला गोड. म्हणाली, नुसता टवका उडाला असता तर दाताच्या रंगाचा मसाला भरून आजच काम झालं असतं. डाग असता तर वरून पातळ पापुद्रा चिकटवला असता. पण हा आतल्या नसेपर्यंत तुटलाय, आधी रूट कॅनल आणि मग कॅप. "काळजी नको, हसलात तरी कळणार नाही." हसलात तरी! नूतनने जीभ आपल्या तुटक्या कोपऱ्यावरून फिरवली.

रूट कॅनल झालं. कॅपच्या मापाला गेल्या तेव्हा डॉक्टरणीने खोट्या दातांची पट्टी काढली. पांढऱ्याच्या कितीतरी छटा. सरू गोंधळली आणि म्हणाली, "आमच्या ताईंना विचारा. गणपतीचे डोळे, सुळे, सगळं त्या रंगवतात. पेणमध्ये नाव हाय त्यांचं."

कारखान्यात नुसता पांढरा कोणी लावत नाही. डोळा असो की सुळा, पांढऱ्यात पिवळ्याचा थेंब पडतो, नाहीतर मूर्तीचं तोंड मेल्यासारखं दिसतं. हे नूतन नव्या पोरींना रोज ओरडून सांगते. इथे मात्र तिने पट्टीच्या टोकाचा, चुन्यासारखा पांढरा दात दाखवला. "ह्यो घ्या. झ्याक दिसंल."

"हा जरा उठून दिसेल हं," डॉक्टरीण म्हणाली.

"ताईंनी सांगितला ना? मग त्योच," सरू म्हणाली.

कॅप बसली आणि जोह्यात एकच विषय झाला. सरू बोलली की आधी दात दिसायचा, मग सरू. पाणवठ्यावर बायका विचारत, "काय गो, चुना लावलास काय दाताला?" नूतनला मनातून गुदगुल्या होत. पण सरू तोंड वर करून सांगायची, "गणपतीच्या सुळ्याचा रंग हाय त्यो. आमच्या ताईंनी निवडलाय." आणि हसायची, हात न धरता, सगळ्यांसमोर. नूतन आणखी जळायची. हिला लाज कशी ती वाटत नाही?

मग एके दिवशी सरू म्हणाली, "ताई, उद्या रोह्याला जायचंय. तुमच्या दातासाठी. मोठ्या भाऊजींशी मी बोलले. त्यांना म्हटलं, मूर्तीची सोंड बघितलीत, आता बायकोचं तोंड बघा." इतक्या वर्षांत गोरखला हे कोणी ऐकवलं नव्हतं, तिने स्वतःसुद्धा.

डॉक्टरणीने दात तपासला. नस शाबूत आहे, कोपराच भरायचा, तासाभराचं काम. तिने पट्टी काढली तशी सरूच पुढे झाली. "ह्यांना माझाच रंग द्या. दोघी जावा सारख्या दिसू. ह्यांचीच निवड हाय."

डॉक्टरणीने तो चुन्यासारखा दात उचलून नूतनच्या ओठांशी धरला. खुर्चीसमोरच्या आरशात नूतनला तो दिसला. आळी दिसली, पाणवठा दिसला.

"ह्यो नको," ती म्हणाली.

"का ओ ताई? तुम्हीच तर सांगितलात."

खोटं सुचलं असतं तर ती बोलली असती. पण हा रंगाचा विषय होता आणि तोंडातून रोजचंच वाक्य निघालं. "नुसता पांढरा लावत नाय गो कधी. पिवळ्याचा थेंब लागतो, नायतर तोंड मेल्यासारखं दिसतं."

सरू आधी हसली. मग हसता हसता थांबली. आरशातून तिने नूतनकडे पाहिलं, मग स्वतःच्या दाताकडे. तिचा हात सावकाश वर आला आणि तिने तोंड झाकून घेतलं.